सायकलीस मोटर लावू इच्छिणाऱ्यांसाठी सूचना

ज्यांच्याकडे एक सायकल आहे, एक ऑफिस आहे आणि या दोहोंच्या मध्ये निदान एक चढ आहे, अशांसाठीच या सूचना आहेत. चढ नसेल तर पुढे वाचू नये. सायकलीत हवा भरावी आणि निघावे. ऑफिस नसेल तर आपण निवृत्त असणार, आणि पुण्यातल्या निवृत्त माणसाला सूचना करण्याचे धाडस आम्ही करत नाही. सायकल नसेल तर जिन्याखाली पाहावे. प्रत्येक सोसायटीच्या जिन्याखाली एक सायकल असते. तिचा मालक कोण हे वर्षानुवर्षे कोणाला ठाऊक नसते; आपण ती झटकून बाहेर काढली की अर्ध्या तासात कळते.

सूचना क्रमाने पाळाव्यात. मोटर सर्वांत शेवटी विकत घ्यायची आहे. बहुतेक लोक ती सर्वांत आधी घेतात, खोके उघडून सामान गादीवर मांडतात, फोटो काढतात, चार जणांना पाठवतात आणि मग सायकलीकडे प्रथमच नीट बघतात. असे करू नये.

थोडा इतिहास, गर्व उतरण्यापुरता

ही कल्पना आपल्याला आंघोळ करताना सुचली असली तरी ती आपली नाही. ३१ डिसेंबर १८९५ रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या ऑग्डन बोल्टन या गृहस्थाला विजेच्या सायकलीचे पेटंट मिळाले. मागच्या चाकाच्या तुंब्यातच मोटर आणि नळ्यांच्या त्रिकोणात लटकवलेली दहा व्होल्टची बॅटरी, अशी त्याची मांडणी होती. आज आपण जे किट मागवणार आहात त्याची मांडणीही हीच असते. सव्वाशे वर्षांत मोठा फरक पडला तो बॅटरीच्या वजनात आणि दुकानदाराच्या बोलण्यात.

आपल्याकडे बोल्टनच्याही आधी, १८८८ साली, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. त्यातून पुढे कडबा कापायची यंत्रे आली, लोखंडी नांगर आले, पंप आले आणि १९४६ साली बंगळुरात विजेच्या मोटरींचा कारखानाही आला. म्हणजे सायकल आणि मोटर एकाच मराठी घराण्यात वाढल्या, पण दोघींची गाठ घालून देण्याचे काम मात्र आपल्यासारख्या हौशी लोकांवर येऊन पडले. ते गांभीर्याने घ्यावे.

हिशेब, कागदावर

समजा आपले वजन सत्तर किलो. सायकल, मोटर, बॅटरी, डबा, लॅपटॉप आणि कुलूप मिळून आणखी तीस. हे शंभर किलोचे बिऱ्हाड शंभर मीटरला पाच मीटर चढणाऱ्या रस्त्याने ताशी दहा किलोमीटरच्या वेगाने वर न्यायचे तर सुमारे १६० वॉट शक्ती लागते. खुर्चीत बसून काम करणारा माणूस न थांबता बराच वेळ देऊ शकतो ते साधारण ७५ वॉट. थोडक्यात, चढावर आपण निम्मेच असता. उरलेले निम्मे आजवर खाली उतरून, सायकल ढकलत, फोन आल्याचा बहाणा करत भरून काढले असणार.

मोटरने भरायची ती एवढीच तूट, आणि २५० वॉटची मोटर ती भरून वर शिल्लक राखते. हे ज्यांना पटत नाही ते हजार वॉटची मोटर मागवतात. त्यांच्यासाठी स्कूटर नावाचे वाहन आधीच बाजारात आहे.

हिरवाईचा हिशेब वेगळा मांडावा, कारण तो मनासारखा येईलच असे नाही. पेडल मारत मोटर वापरली तर किलोमीटरला साधारण दहा वॉट-तास वीज जाते, म्हणजे एका युनिटमध्ये शंभर किलोमीटर. आता ही वीज येते कुठून? आपल्या राज्यात मुख्यतः कोळशातून. एकट्या चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे, आणि आपल्या सायकलीचा धूर तिथे, आपल्या नाकापासून कित्येक कोस दूर, निघतो. देशातल्या विजेची सरासरी धरली तर किलोमीटरमागे सात-आठ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. लिटरला पंचेचाळीस किलोमीटर जाणारी पेट्रोलची स्कूटर किलोमीटरमागे पन्नास ग्रॅमच्या आसपास सोडते. सरळ सात पट फायदा. बॅटरी आणि मोटर बनवताना झालेला धूर यात धरलेला नाही. तो फिटायला सायकल बरीच चालावी लागते.

फायदा होतो तो मात्र स्कूटर घरी राहिली तर. आपण आधीपासून साध्या सायकलीवरून जात असाल आणि आता मोटर लावत असाल, तर पर्यावरणाच्या खात्यावर आपण नवा खर्च टाकला आहे. गुडघ्यांसाठी तो अवश्य टाकावा. फक्त वसुंधरेचे नाव पुढे करू नये.

घरी सांगणे

हे काम संध्याकाळी, जेवणानंतर करावे. मोटर, तिला वीज मोजून देणारा कंट्रोलर आणि बॅटरी मिळून वीस ते तीस हजारांच्या घरात खर्च जातो, हे एका दमात सांगू नये. आधी पेट्रोलच्या भावाचा विषय काढावा.

"इलेक्ट्रिकच करायची तर नवी स्कूटरच का नाही घेत?" हा पहिला प्रश्न. त्याला व्यायाम असे उत्तर द्यावे.

"मग मोटर कशाला?" हा दुसरा. त्याला चढ असे उत्तर द्यावे.

"मग आपली स्कूटर विकायची का?" हा तिसरा. वाचकहो, या सबंध उद्योगातला खरा तांत्रिक प्रश्न हाच आहे आणि तो विचारणाऱ्या व्यक्तीने अभियांत्रिकीचे एकही पुस्तक वाचलेले नसते. "बघू" हे उत्तर चालणार नाही. विकवत नसेल तर निदान किल्ली चपलांच्या कपाटावरून उचलून माळ्यावरच्या डब्यात टाकावी. पावसाच्या दिवशी स्टूल घेऊन माळ्यावर चढावे लागले की माणूस रेनकोट शोधतो.

सायकल

आता सायकल उलटी करून ठेवावी, सीट आणि हँडलवर, आणि दोन्ही चाके हाताने फिरवून पाहावीत. घासते कुठे, लचकते कुठे, आवाज कशाचा येतो, हे शांतपणे ऐकावे. मोटर लावली की हे सगळे सुधारेल, असा नवशिक्यांचा दृढ समज असतो. मोटर आउट झालेले चाक तितक्याच निष्ठेने फिरवते, फक्त जास्त वेगाने. गेली दहा वर्षे जो ब्रेक "लागतो तसा बरा" होता, तो ताशी बारा किलोमीटरला तसा होता. ताशी पंचवीसला तो ब्रेक नसतो, समजूत असते.

काळी, दांड्याच्या ब्रेकची, अठ्ठावीस इंची सायकल घरात असेल तर आपण भाग्यवान आहात आणि दुर्दैवीही. तिची फ्रेम पोलादी, आपल्या पश्चातही टिकणारी. मोटरीचा पीळ सोसायला अशी फ्रेम आजच्या कित्येक चकचकीत सायकलींकडे नाही. पण तिचे ब्रेक रिमच्या आतल्या बाजूला रबर टेकवतात, आणि रिम लोखंडी, वर मुलामा दिलेली. पावसात भिजली की ब्रेक दाबणे ही निव्वळ विनंती ठरते. ती रिम कधी मान्य करते, कधी नाही. शिवाय तिच्या पुढच्या चाकाला ३२ स्पोक आणि मागच्याला ४०, तर मोटरीच्या तुंब्याला बहुधा ३६ भोके. म्हणजे रिम बदलणे आले. ती बदलायला गेलात की दुकानदार "अठ्ठावीसची ना?" म्हणून दुसरीच काढून देईल, कारण बाजारात दोन निरनिराळ्या रिमा अठ्ठावीस इंचीच म्हणवतात. टायर जिथे बसतो तिथे जुन्या सायकलीच्या रिमचा व्यास ६३५ मिलिमीटर असतो आणि नव्या, बारीक टायरच्या सायकलींचा ६२२. एकीचा टायर दुसरीला बसत नाही, कितीही साबण लावला तरी. आकडे टायरच्या कडेवर छापलेले असतात. कागदावर उतरवून न्यावेत. शक्यतो मोटर रिममध्ये विणलेली, असे तयार चाकच घ्यावे.

गिअरची, जाड टायरची, पुढे-मागे शॉकअप असलेली सायकल असेल तर तिच्यावर बॅटरी कुठे ठेवायची हे आधी दाखवा, मग पुढे बोलू. मुलाने दहावीनंतर सोडून दिलेली, मागे शॉकअप नसलेली साधी सव्वीस इंची सायकल या कामाला सर्वांत सोयीची. तिला किट सहज बसते आणि तिच्याबद्दल घरात कोणाला हळवेपणा नसतो.

मिस्त्री

मिस्त्री तोच धरावा जो आपल्या सायकलीला नावे ठेवतो. "एक नंबर आहे साहेब, लावून टाकू" म्हणणाऱ्याकडून सायकल परत आणावी. चांगला मिस्त्री सायकल स्टँडवर लावतो, मागचे चाक फिरवतो, ब्रेकजवळ खडू धरतो, रिमला खडू कुठे लागला ते बघतो आणि "हे कोणी केलंय?" असे विचारतो. ते त्यानेच मागच्या दिवाळीत केलेले असते. ते सांगू नये.

पेडल फिरते आहे की नाही हे मोटरीला कळावे म्हणून क्रँकच्या एक्सलवर चुंबकांची एक चकती बसवावी लागते आणि तिच्याशेजारी एक सेन्सर. पेडल फिरले की चुंबके सेन्सरसमोरून जातात आणि मोटर चालू होते. थांबले की बंद. चकती बसवायला क्रँक काढावा लागतो. जुन्या सायकलीत क्रँक धरून ठेवणारी एक लोखंडी पाचर असते, कॉटर पीन. ही पीन काढण्याचा प्रसंग प्रत्येक नवशिक्याने एकदा जवळून पाहावा. मिस्त्री आधी तिच्यावर रॉकेल सोडतो आणि चहा सांगतो. चहा येतो. मग नट उलटा, अर्धा फिरवून ठेवतो, म्हणजे आटे मरू नयेत, आणि क्रँकच्या खाली लोखंडाचा तुकडा टेकू लावून हातोडीचा एक घाव घालतो. पीन हलत नाही. दुसरा घाव. पिनीचे डोके छत्रीसारखे पसरते. आता ती त्या भोकातून बाहेर येणार नाही हे दोघांनाही कळलेले असते, पण मिस्त्री तसे म्हणत नाही; तो फक्त ड्रिल कुठे ठेवले ते विचारतो. तासाभराने लोखंडाचा कीस, काळे ग्रीस आणि तीन-चार निखळलेले छर्रे वर्तमानपत्रावर पडलेले असतात आणि मिस्त्री म्हणतो, "बीबी पण गेलेली आहे, बदलून घ्या." बीबी म्हणजे क्रँक ज्यावर फिरतो ते बेअरिंग. ती खरोखरच गेलेली असते. बदलून घ्यावी. सगळे छर्रे नवे टाकावेत, जुन्यांतले "चांगले" निवडू नयेत.

इथवर मोटर विकत घेतलेली नाही हे लक्षात असू द्यावे. खर्चाचा आकडा मात्र बराच पुढे गेला आहे, आणि सायकल इतकी हलकी चालू लागली आहे की काही जण इथेच थांबतात. त्यांचे अभिनंदन. बाकीच्यांनी पुढे यावे.

मोटर पुढे की मागे

पुढच्या चाकात मोटर बसवणे सोपे, कारण तिथे चेन नाही, फ्रीव्हील नाही. मागे बसवणे भरवशाचे, कारण वजन मागच्या चाकावर असते आणि ओल्या रस्त्यावर ते सहजी घसरत नाही. पुढचा चिमटा ॲल्युमिनियमचा किंवा शॉकअपचा असेल तर पुढे मोटर लावूच नये. मागे लावायची तर जुन्या सायकलीची मागची जागा अरुंद पडते. मोटरीला बहुतेक वेळा १३५ मिलिमीटर हवे असतात. पोलादी चिमटा मिस्त्री पाय देऊन फाकवतो. तेव्हा आपण दुसरीकडे बघावे.

एका गोष्टीवर मात्र विनोद करणार नाही. मोटर चाक पुढे फिरवते तेव्हा तितक्याच जोराने आपला एक्सल उलटा पिळते. साध्या चाकाच्या एक्सलला असा पीळ कधीच बसत नाही, म्हणून सायकलीच्या खाचा त्यासाठी केलेल्या नसतात. नट थोडा ढिला पडला तरी एक्सल खाचेत गरकन फिरतो आणि त्याच्या पोकळीतून बाहेर आलेली केबल स्वतःभोवती गुंडाळून तोडतो. पुढच्या चिमट्याच्या खाचा खालून उघड्या असतात. तिथे हेच झाले तर पुढचे चाक आपल्या आधी ऑफिसला पोहोचते. यावर उपाय म्हणजे टॉर्क आर्म, पोलादाची एक जाड पट्टी. तिच्या एका टोकाला एक्सलच्या चपट्या बाजूंवर घट्ट बसणारे भोक असते आणि दुसरे टोक चिमट्याला आवळायचे असते. किंमत किरकोळ. किटमध्ये ती नसेल तर मागून घ्यावी. "काही होत नाही" असे दुकानदार म्हणाल्यास त्याला त्याच सायकलीवर बसवून एक चक्कर मारायला सांगावे.

खाच कानशीने वाढवावी लागली तर दोन्ही बाजूंना सारखी वाढवावी. एकीकडे जास्त घासली की चाक तिरके बसते, आणि मग मिस्त्री म्हणतो की फ्रेमच वाकडी आहे.

वायरी

मोटरीतून तीन जाड तारा येतात, पिवळी, हिरवी, निळी. त्यांच्याबरोबर पाच बारीक: लाल, काळी आणि पुन्हा पिवळी, हिरवी, निळी. जाड तारांतून शक्ती जाते. बारीक तारांतून चाक नेमके कुठवर फिरले आहे त्याची खबर कंट्रोलरला मिळते. रंगाला रंग जोडावा. मोटर एका कंपनीची आणि कंट्रोलर दुसरीचा असेल तर रंगाला रंग जोडूनही चाक जागच्या जागी थरथरते, गुरगुरते किंवा ऐटीत उलटे फिरते. घाबरू नये. बॅटरी काढावी, जाड तारांची अदलाबदल करून पाहावी. हे करताना चाक हवेत असावे आणि लहान मुले, मांजर व सासरे लांब असावेत.

ब्रेकच्या नव्या मुठी किटमध्ये येतात. त्या दाबल्या की मोटरीचा पुरवठा तुटतो. दांड्याच्या ब्रेकवाल्यांना त्या लावता येत नाहीत. त्यांनी हँडल, ब्रेक आणि आपला स्वाभिमान तिन्ही बदलावेत. मोटर तोडणारी मूठ ही चैन नाही. समोर रिक्षा थांबली असता माणूस घाबरून ब्रेक आवळतो तरी पेडल मारतच राहतो, आणि रिक्षा थांबण्यापूर्वी हात दाखवत नाही.

सगळी जोडणी झाली की वायरींचा एक गुंता उरतो. तो कितीही व्यवस्थित बांधला तरी उरतोच, कारण किट परदेशातल्या लांब सायकलीच्या मापाचे असते. कंट्रोलर प्लॅस्टिकच्या पिशवीत करकचून बांधू नये. आत वाफ धरते, पाणी साठते आणि बाहेर जायला वाट राहत नाही. पिशवी खालून उघडी ठेवावी, जोडांची तोंडे खाली करावीत आणि केबल जोडाकडे खालून वर चढेल अशी घ्यावी, म्हणजे पाणी तिच्यावरून ओघळून जमिनीवर पडेल. जुलैतल्या पुण्यात पाऊस वरून कमी आणि पुढच्या बसच्या चाकातून जास्त येतो, हे धरून चालावे.

बॅटरी

बॅटरीत कंजुषी करू नये. यूपीएसच्या बारा व्होल्टच्या तीन जुन्या बॅटऱ्या मालिकेत जोडून छत्तीस व्होल्ट करणारे एक काका प्रत्येक कॉलनीत असतात. बारा अँपिअर-तासाच्या तीन शिशाच्या बॅटऱ्यांचे वजन बारा किलोच्या आसपास भरते, म्हणजे मोटर निम्मी शक्ती स्वतःचे जेवण उचलण्यात घालवते. काकांची सायकल मागून जड, पुढून हलकी, आणि कॅरियर दर पावसाळ्यात वेल्डिंगला.

लिथियमची छत्तीस व्होल्ट, साडेसात अँपिअर-तासाची बॅटरी दोन किलोच्या आसपास असते. आत अठरा मिलिमीटर व्यासाचे आणि पासष्ट मिलिमीटर उंचीचे सेल, दहा-दहांच्या तीन ओळी, आणि त्यांच्यावर नजर ठेवणारे एक सर्किट. ते कोणालाही जास्त भरू देत नाही आणि पार रिकामेही होऊ देत नाही. छत्तीस गुणिले साडेसात, म्हणजे २७० वॉट-तास, कागदावर सत्तावीस किलोमीटर. आपण वीस धरावेत. चार्जरवर बेचाळीस व्होल्ट लिहिलेले वाचून दुकानदाराशी भांडू नये; छत्तीसची बॅटरी बेचाळीसलाच भरते. चोपन्न लिहिले असेल तर मात्र भांडावे. तो चार्जर अठ्ठेचाळीसच्या बॅटरीचा आहे, आणि "पिन बसतेय की" हा युक्तिवाद लिथियमला मान्य नाही.

रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नये. पलंगाखाली, जिन्याखाली, दाराच्या वाटेत लावू नये. बॅटरी पडली, फुगली, किंवा पाण्यात बुडून निघाली तर ती "उन्हात वाळवून बघू" या सदरात मोडत नाही.

आणि सेल आणून घरी बॅटरी बांधण्याचे व्हिडिओ पाहावेत, करमणूक म्हणून.

सोसायटी

सायकलीत बॅटरी आहे ही बातमी आपल्या आधी चेअरमनपर्यंत पोहोचते. पार्किंगमधल्या सामायिक मीटरवर चार्जिंग करू देणार नाही, असा ठराव येतो. आपण वहीवर हिशेब दाखवता: एकदा पूर्ण भरायला पाव युनिटपेक्षा थोडे जास्त, युनिट दहा रुपयांचे धरले तरी तीन रुपये, महिन्याला पाऊणशे. सभेला आकड्यांशी कर्तव्य नसते. "प्रश्न पैशांचा नाही, पायंड्याचा आहे," असे एक सभासद म्हणतात. त्यांची बेचाळीस इंची कुंडी गेली सहा वर्षे जिन्यात आहे. "आज सायकल, उद्या मोटारगाडी," दुसरे म्हणतात. तिसरे विचारतात, की ही सायकल दुचाकीच्या पार्किंगमध्ये लावायची की सायकलच्या. इतिवृत्तात "सविस्तर चर्चा झाली" अशी नोंद होते.

वाद घालू नये. बॅटरीला मूठ आणि कुलूप असते ते एवढ्यासाठीच: काढावी आणि घरी न्यावी. बॅटरी आपल्याबरोबर वर आल्यामुळे सायकल चोरीला जाण्याची भीतीही कमी होते. जिन्याखालच्या मूळ मालकाचा तिच्यातला रसदेखील त्याच दिवसापासून ओसरतो.

कायदा

केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे, पेडलला साहाय्य करणाऱ्या मोटरीची तीस मिनिटांची शक्ती पाव किलोवॉटपेक्षा कमी असेल, ताशी पंचवीस किलोमीटरला किंवा पेडल थांबताच ती बंद होत असेल, बॅटरी सोडून वजन साठ किलोच्या आत असेल, नीट ब्रेक असतील आणि पुढे पांढरा, मागे लाल परावर्तक असेल, तर ती सायकल मोटार वाहन ठरत नाही. लायसन्स नको, नंबर नको. ही सूट नियमात मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासलेल्या वाहनाला आहे, म्हणून किट घेताना त्या तपासणीचा कागद मागावा. अशी एक संस्था, एआरएआय, पुण्यातच कोथरूडच्या टेकडीवर आहे, इतकी की टेकडीलाच लोक तिचे नाव देऊन बसले आहेत. तिथवर सायकल चढली तर निम्मी चाचणी झाली असे आमचे मत आहे. संस्थेचे मत वेगळे असू शकते.

कागद मागितल्यावर दुकानदार म्हणतो, "मोटर साडेतीनशेची आहे, पण अडीचशेचा स्टिकर लावून देतो." नम्रपणे दुसऱ्या दुकानात जावे.

रस्त्यावर

पहिल्या दिवशी रविवारी सकाळी, रिकाम्या रस्त्यावर निघावे. पेडल हळू मारावे. चालू होताना सायकल पाठीमागून कोणीतरी ढकलल्याचा भास देते. मागे वळून पाहू नये, सगळे नवशिके पाहतात आणि कडेला जातात.

सिग्नलला शेजारी स्कूटर येऊन थांबते आणि प्रश्न येतो, "ॲव्हरेज किती देते?" पेट्रोल नसलेल्या वाहनालाही हा प्रश्न लागू आहे. "युनिटला शंभर" असे सांगावे. मग "केवढ्याला पडली?" खरा आकडा सांगू नये, घरी पोहोचतो. सिंहगडाच्या वाटेवर घट्ट कपड्यांतले, शिरस्त्राण घातलेले सायकलपटू भेटतील. ते आपल्या तुंब्याकडे बघून काही न बोलता पुढे जातील. चढावर त्यांना मागे टाकताना आपण पेडल फिरवत राहावे. निदान तेवढा शिष्टाचार पाळावा.

सायकलींसाठी आखलेला मार्ग लागला तर अवश्य वापरावा. त्यावर उभ्या मोटारी, वडापावच्या गाड्या आणि उलट दिशेने येणारी स्कूटर यांच्या मधून वाट काढण्यासाठी पायच बरे. मोटर बंद ठेवावी.

पंक्चरला घाबरू नये. आपले पंक्चरवाले चाक न काढताच ट्यूब बाजूने ओढून काढतात, मोटर असली तरी. टायर किंवा अख्खी ट्यूब बदलायची असेल तेव्हा मात्र केबलचा जोड सोडवून, मोठा पाना लावून चाक उतरवावे लागते. परत बसवताना टॉर्क आर्म लावायला पंक्चरवाला विसरतो. आपण विसरू नये.

शेवटी

तीन-चार वर्षांनी बॅटरी वीसऐवजी अकरा किलोमीटर देऊ लागेल. थोडे दिवस हवेचा, चढाचा, मिस्त्रीचा दोष काढून पाहावा, मग ती बदलावी. जुनी बॅटरी माळ्यावर, स्कूटरच्या किल्लीच्या डब्याशेजारी ठेवायची नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून घेण्याची जबाबदारी त्या बाजारात आणणाऱ्या कंपनीवर आहे; म्हणून बिल जपून ठेवावे आणि विकत घेतली तिथेच परत न्यावी. रद्दीवाला दारात येईल, बॅटरी हातात घेऊन वजनाचा अंदाज घेईल आणि तांब्याच्या भावाने बोलणी सुरू करील. त्याला वर्तमानपत्रे द्यावीत.